एक फोन, चार माणसं: खासगीपणाचा अभ्यास घरात जाऊन कसा करायचा

"तुम्हाला प्रायव्हसीची काळजी वाटते का?" हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असेल तर आधी तो खोडा. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" असं म्हणणाऱ्या बाईनं कदाचित सकाळीच माहेरच्या ग्रुपमधले मेसेज पुसलेले असतात. ती खोटं बोलत नसते. 'गोपनीयता' हा तिच्यासाठी सरकारी कागदावरचा शब्द. मेसेज पुसणं म्हणजे उगाच वाद नकोत, एवढंच. तेव्हा मत विचारू नका, शेवटची कृती विचारा: "मुलाच्या हातात फोन देण्याआधी काय काय बंद केलंत?"

खालची पद्धत एकच फोन दोन-चार जण वापरणाऱ्या घरांसाठी आहे.

घरं, वेळ, जागा

पहिल्या फेरीला आठ ते दहा घरं पुरतात. त्याआधी दोन घरांत रंगीत तालीम करा, कारण निम्मे प्रश्न तिथेच बाद होतात. प्रत्येक घरातल्या निदान दोघांशी स्वतंत्रपणे, साधारण पाऊण तास बोला. नवरा-बायकोच्या मुलाखती एकाच वेळी, पण वेगळ्या जागी घ्या. त्यासाठी संशोधक दोन हवेत. दोन वेगळे दिवस ठेवलेत तर मधल्या रात्री "तुला काय विचारलं?" होतं आणि दुसऱ्या दिवशी पाठ केलेली उत्तरं मिळतात.

मध्येच सासूबाई येऊन बसल्या तर त्यांना उठवू नका, प्रश्न बदला. रिचार्ज, रेंज, बॅटरी असे पाच निरुपद्रवी प्रश्न कायम तयार ठेवा.

फोन त्यांच्याच हातात

संशोधकाने फोनला हात लावायचा नाही. "दाखवा" म्हणायचं आणि बाजूला बसायचं. गॅलरी, कॉल लॉग, व्हिडिओच्या शिफारशी, कीबोर्ड सुचवतो ते शब्द: या चार ठिकाणी पुसायचं राहून गेलेलं हमखास सापडतं. स्क्रीनचा फोटो काढू नका, नुसती चौकट कागदावर रेखाटा. फोटोत वरून आलेलं नोटिफिकेशनही टिपलं जातं.

प्रत्येक युक्तीसाठी चार गोष्टी नोंदवा: काय लपवलं, कोणापासून, कशानं आणि कधी फसलं. चौथा रकाना सर्वांत मोलाचा. उदाहरणार्थ, अ‍ॅप लॉक. फोन सुरक्षित होतो खरा, पण घरात लगेच "लॉक कशाला लावलंस?" सुरू होतं. कुलूपच चुगली करतं. म्हणून अनेक जणी कुलूप न लावता एकेक मेसेज पुसतात. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'सगळा इतिहास पुसा' एवढंच बटण असेल तर ते त्यांच्या कामाचं नाही, कारण कोरी यादीही संशय वाढवते. एकच नोंद गुपचूप काढता यायला हवी.

पत्त्यांचा डाव

खासगीपणाच्या अभ्यासक हेलन निसेनबाउम यांनी २००४ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते: माहिती कुठल्या संदर्भात, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या अटीवर जाते यावर खासगीपणा ठरतो. सोळा पत्ते करा. प्रत्येकावर एक माहिती, एक माणूस, एक अट. 'पगाराचा आकडा – दीर – विचारल्यावरच.' 'पाळीची तारीख – आशाताई – रजिस्टरसाठी.' ढीग तीन: चालेल, चालणार नाही, बघावं लागेल. तिसऱ्या ढिगापाशी थांबा. पत्त्यावरची एकच गोष्ट बदला, दीराच्या जागी भाऊ ठेवा, आणि पत्ता कुठल्या ढिगात जातो ते पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मत कशामुळे फिरलं ते कळत नाही.

करायला लावा

सुरक्षा हे कुणाचंच मुख्य काम नसतं; माणसाला पैसे पाठवायचे असतात, निरोप द्यायचा असतो. पीजीपी ५.० या ई-मेल कूटबद्ध करणाऱ्या, म्हणजे तिऱ्हाइताला वाचता येऊ नये असा करणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या १९९९ मधल्या प्रसिद्ध चाचणीत हेच दिसलं. बारा जणांना नव्वद मिनिटं दिली होती. डिजिटल सही करून, कूटबद्ध करून निरोप नीट पाठवणं चौघांनाच जमलं आणि तिघांनी गुपित उघडंच धाडलं.

यूपीआयची चाचणी कागदी स्क्रीनवर घ्या. खरा पिन कधीही मागू नका. सवयीनं कुणी सांगायला लागलं तर तिथेच थांबवा. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' अशी खोटी स्क्रीन मध्ये घाला आणि बोट कुठे थबकतं ते पाहा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे चाचणी संपताक्षणी सांगा. नाहीतर फसवणुकीचा धडा तुम्हीच देऊन याल.

अभ्यासच गळू नये

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ऑडिओ टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला जातो. अहवालात नाव बदलतात, पण 'पोलीस पाटलांची धाकटी सून, शिवणकाम' तसंच राहतं. गावाला ती कोण ते एका ओळीत कळतं. नावांची यादी कागदावर, कुलपात ठेवा आणि ऑडिओ पुसायची तारीख संमतीपत्रावरच लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं, तेव्हा "नको" सांगायला एक फोन पुरेसा असावा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची परवानगी लागते. मात्र मुलांची उत्तरं पालकांना दाखवली जाणार नाहीत, हे परवानगी घेतानाच स्पष्ट करा.

आठवडाभराची नोंदवही द्यायची असेल तर लिहायला लावू नका, घरात वही कुणीही उघडतं. रंगीत टिकल्या द्या; लाल म्हणजे काय हे फक्त तिला आणि तुम्हाला ठाऊक.

मानधन यूपीआयनं पाठवू नका. खात्याला जोडलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा असतो. पाचशे रुपये जमा झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो, आणि बाई आज कुणाशी बोलली ते घरभर होतं. रोख द्या, पाकिटावर संस्थेचं नाव छापू नका, आणि पावतीवर फक्त तिचा सांकेतिक क्रमांक घाला.