विदर्भाच्या रणजी संघाची पुढची पिढी कशी जोखावी

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला. हा जोर टिकेल का, हे ताडायचे असेल तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येणारे धावफलक वर्षभर कापून ठेवावेत : सोळा वर्षांखालील विजय मर्चंट, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार आणि तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू करंडकाचे.

सर्वांत आधी खेळाडूचे वय पाहावे. कूचबिहारमध्ये अठरा वर्षांच्या मुलाने काढलेल्या शतकापेक्षा सोळा वर्षांच्या मुलाच्या साठ धावांना मी अधिक मोल देतो, कारण तो आपल्याहून थोराड मुलांच्या गोलंदाजीला तोंड देत असतो. त्यानंतर धावा कोणत्या परिस्थितीत निघाल्या ते तपासावे. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी अवस्था असताना एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. अशी खेळी सरासरीच्या आकड्यात दिसत नाही, ती धावफलकातल्या गडी बाद होण्याच्या क्रमातून शोधावी लागते. गोलंदाजाच्या बळींबरोबर षटकेही मोजावीत. फिरकीपटू हर्ष दुबेने त्याच हंगामात ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, आणि दिवसभर एक टोक धरून ठेवण्याची अशी ताकद तरुण फिरकी गोलंदाजात आहे का, हे त्याने टाकलेल्या षटकांवरूनच कळते.

गुणवान मुले किती, याइतकेच ती कोणत्या जागेसाठी तयार होत आहेत हेही महत्त्वाचे. दोन हंगाम विदर्भाकडून खेळून फलंदाज करुण नायर कर्नाटकाकडे परतला, तेव्हा मधल्या फळीत मोठी जागा मोकळी झाली. फिरकीपटू कितीही असले तरी ती भरून निघत नाही.

वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत मात्र केवळ धावफलकांवर विसंबू नये, असे मला मनापासून वाटते. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला आणि पुढे भारताकडून खेळलेला उमेश यादव विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. कापसाची वेचणी आटोपल्यावर रिकाम्या वावरात रंगणाऱ्या सामन्यांत असा कोणी वेगवान मुलगा दिसला, तर त्याला लेदरच्या चेंडूने सलग सहा षटके टाकायला लावावीत आणि सहाव्या षटकातला वेग व टप्पा पहिल्या षटकाशी ताडून पाहावा.