घर दुरुस्त करायचं का सोडायचं? आधी पाणी कुठनं येतंय ते बघा

मे महिना लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय, मिरग म्हणजे मृगाचा पाऊस जवळ आला, गळतीचं काय करायचं, आणि त्याच्या मागोमाग दुसरा विषय निघतोच की दरवर्षी किती पैसे घालायचे या घरात, त्यापेक्षा विकून कुठंतरी फ्लॅट घेऊया. माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय मे महिन्यात गवंड्याचं कोटेशन बघून चिडून घेऊ नका, आणि जुलैत बादल्या मांडताना तर अजिबात नको. एक अख्खा पावसाळा घराकडं नीट बघा, साध्या वहीत तारीख टाकून लिहा, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा, पाणी कुठनं येतंय? वरनं येत असेल तर ते दुरुस्तीनं थांबतं. बाजूनं येत असेल तर शेजाऱ्याशी बोलायला लागतं. आणि खालनं किंवा नदीकडनं येत असेल तर मात्र घर सोडायचा विचार मनापासून करायला हरकत नाही.

सुरुवात वळवापासनं करा. एप्रिल-मेमधला वळीव ही फुकटात मिळालेली टेस्ट आहे, पाऊस थांबला की तासाभरानं टेरेसवर जा आणि पाणी कुठं तुंबलंय तिथं खडूनं गोल मारा. टेरेसला दहा फुटाला सव्वा इंच तरी उतार पाहिजे, तो नसला की पाणी बसतं आणि बसलेलं पाणी कधी ना कधी खाली उतरतंच. पण बहुतेक गळती स्लॅबच्या मधनं नसते हे लक्षात घ्या, ती असते पॅरापेट म्हणजे टेरेसचा कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात, पाण्याच्या टाकीच्या पायाशी, पाईप जिथनं स्लॅबमधनं खाली जातो त्या भोकाच्या कडंला, आणि जिन्याच्या टोपीला. सांध्यातला वाटा म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा जो गोलसर उतार काढलेला असतो तो हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, बद्द आवाज आला की तिथं तो सुटलाय. तेवढाच फोडून परत करून घेतला तर शंभरातल्या बऱ्याच जणांचं काम भागतं, सगळा कोबा म्हणजे टेरेसवरचा सिमेंटचा थर उखडायची गरज नसते, पण कंत्राटदार सगळा कोबाच करूया म्हणणार कारण त्यात त्याचे पैसे आहेत. काम झालं की पाईपांची तोंडं बंद करून टेरेसवर दोन इंच पाणी दोन दिवस कोंडून ठेवा, खाली छताला ओल दिसली नाही तरच शेवटचा हप्ता द्या. हे आधीच बोलून ठेवा म्हणजे नंतर वाद नको. केमिकलचा कोट मारायचा असेल तर स्लॅब खडखडीत वाळलेला पाहिजे, म्हणजे ते काम मार्च-एप्रिलमध्येच, वळीव सुरू झाल्यावर घाईनं मारलेला कोट पापडासारखा उचलतो.

कौलारू घर असेल तर शाकारणी म्हणजे कौलं काढून परत नीट बसवायचं काम पंधरा मेच्या आत उरकून घ्या, नंतर माणसं मिळत नाहीत. फुटलेली कौलं बदलताना वासे आणि रिपा पण बघून घ्या. आणि तुळई जिथं भिंतीत शिरते ते टोक नक्की तपासा, कारण लाकूड मधनं सहसा कुजत नाही, कुजतं ते बहुतेक तिथं, भिंतीतली ओल पिऊन. स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्या टोकाला दाबा, चांगलं सागवान असेल तर टोक आत जात नाही, आणि अर्धा इंच सहज गेलं तर मग बाकीची तुळई कितीही चकचकीत दिसू दे, ती काढायला लागणार. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसत्या झाडूनं पाडून भागत नाही, जमिनीतनं ट्रीटमेंट करायला लागते. आणखी एक गोष्ट, पेठांमधल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींना बरेच जण बाहेरनं सिमेंटचा गिलावा करतात, मजबूत होतं म्हणून, तो करू नका. मातीची भिंत ओल घेते नि सोडते, सिमेंटनं तिचा श्वास बंद होतो, ओल आत अडकते आणि दोन-चार वर्षांत गिलावा मातीसकट सुटून येतो. तिथं चुन्याचाच गिलावा पाहिजे.

बाकीची बारीकसारीक कामं एका रविवारी होतात. पन्हळी आणि पावसाच्या पाईपातला पाला काढा, नहाणी ट्रॅप साफ करा, मेन बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघा, दाबल्यावर लाईट गेली पाहिजे, नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा, ओल्या भिंतीत करंट उतरला तर जीव जातो, त्यात उद्यावर टाकण्यासारखं काही नाही.

बाजूच्या पाण्याचं दुखणं शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या लोकांना सांगायला नको. दोन घरांच्या मधे हातभर बोळ, त्यात वरनं पाला, प्लास्टिक, कुणाचा तरी बॉल, आणि दोन्ही छपरांचं पाणी त्यातच. तुम्ही आतनं कितीही वॉटरप्रूफिंग करा, ती ओल जाणार नाही कारण ती तुमच्या बाजूची नाहीच. तिथं उपाय एकच, शेजारच्या काकांना घेऊन वर जायचं, दोघांनी मिळून बोळावर पत्र्याची टोपी टाकून घ्यायची, दोन्हीकडनं गिलाव्यात खाच काढून पत्रा आत घालायचा, खर्च निम्मा निम्मा. संबंध बिघडलेले असतील तर घरातल्या बायकांना बोलू द्या, माझ्या बघण्यात असे बरेच विषय त्यांनीच मिटवलेत. सामाईक भिंत असेल तर कागदावर कुणाची आहे ते पण बघून ठेवा, पुढं विकायची वेळ आली तर लागणारच आहे.

पावसाळा संपला की दसऱ्याच्या साफसफाईत वाकळा-अंथरुणं धुऊन निघतात आणि लगेच दिवाळीसाठी भिंतींना रंग द्यायचा असतो सगळ्यांना. थांबा. भिंत अजून ओली असते, रंग मारला की संक्रांतीपर्यंत पोपडे. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूनं टेपनं चिकटवा, दोन दिवसांनी काढा, आतल्या बाजूला म्हणजे भिंतीकडं पाणी धरलं असेल तर भिंतीतनं ओल येतेय, बाहेरच्या बाजूला असेल तर ती खोलीतली दमट हवा आहे, खिडक्या उघडल्या की जाते. रंग जानेवारी-फेब्रुवारीत द्या. दिवाळीला फक्त पुढचा सोपा म्हणजे ओसरी रंगवली तरी चालतं.

आता खरा प्रश्न. एवढं करून वहीत जे लिहिलंय ते समोर ठेवा. आरसीसी घर असेल आणि छताचे ढलपे पडून सळ्या दिसत असतील तर घाबरून लगेच विकायला काढू नका, पण नुसतं वरनं प्लास्टर करून पण झाकू नका, सळई गंजली की फुगते आणि आतनं काँक्रीट फोडत राहते. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, गवंडी नव्हे. इमारत ३० वर्षांच्या वर गेली की महापालिका कायद्यानं स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. गंज फक्त स्लॅबला असेल तर दुरुस्ती परवडते, कॉलम-बीमला पोचला असेल तर दुरुस्तीचा आणि नवीन बांधायचा हिशोब शेजारी शेजारी मांडायचा. तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ आणि तारीख टाका, वर्षभर तिथंच असेल तर ती जुनी जखम, पुढं सरकत असेल आणि तिरका असेल तर पाया बसत असू शकतो.

पाडून नवं बांधूया म्हणणाऱ्यांनी हातोडा लावायच्या आधी आर्किटेक्टकडं जा. जुन्या पेठेत रस्तारुंदीला जागा सोडायला लागली, समोर-मागं मार्जिन गेलं, पार्किंग दाखवायला लागलं तर आहे त्यापेक्षा लहान घर हातात येऊ शकतं. मग असलेलं घर नीट दुरुस्त करून राहणं हाच शहाणपणा. आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असेल, चार चुलते नि तीन आत्या हक्कदार असतील तर दुरुस्ती काय नि विक्री काय, आधी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, दुसऱ्याच्या हिश्श्यात लाखो रुपये घालू नका.

पुराचं पाणी वेगळं. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट, धोक्याची ४३, आणि २०१९ नि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमच्या घराचा आकडा काढा, म्हणजे राजाराम बंधाऱ्याला किती फूट असताना पाणी गल्लीच्या तोंडाला येतं, कितीला पहिल्या पायरीला, कितीला उंबऱ्याला. दरवर्षी वहीत लिहा, जुन्या माणसांना विचारा, भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजा. समजा उंबऱ्याचा आकडा ५४ असेल तर मोठ्या पुरातच पाणी येणार, मग जोतं उंच, बोर्ड आणि सॉकेट छातीच्या वर, खाली प्लायवूड बंद, मौल्यवान सगळं माडीवर, असं करून राहता येतं. पण आकडा ४५-४६ असेल तर मी सरळ सांगतो, त्या घरात दहा लाखाचं मॉड्युलर किचन घालू नका, विकायची किंवा उंचावरच्या भागात भाड्यानं जाऊन राहायची तयारी करा. दुधाळी, सुतारवाडा, कुंभार गल्लीतल्या लोकांनी हे सोसलंय. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा ही साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची, निळ्याच्या आत असाल तर नव्या बांधकामाच्या अटी फार कडक आहेत, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, २०१९ ला पाणी कुठवर आलतं? खोटं सांगू नका, शेजारी सांगतातच.

जायचं ठरलं तर हिशोबात हे धरा, महापालिका हद्दीत स्टँप ड्युटी ६ टक्के धरून चाला, बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत, वर रजिस्ट्रेशन एक टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला साधारण ५ टक्के जीएसटी, कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालेल्याला नाही. जुनं घर विकून आलेल्या नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा तर विक्रीनंतर २ वर्षांत तयार घर किंवा ३ वर्षांत बांधून झालं पाहिजे, सीएला आधी विचारा, व्यवहार झाल्यावर नको. पाचगाव, आर. के. नगर, कळंब्याकडं उंचावर जागा बघत असाल तर पूर नाही पण एप्रिल-मेमध्ये जाऊन टँकर येतो का ते बघा, आणि प्लॉट असेल तर जमीन बिगरशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआऊट हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. फ्लॅट मात्र जुलैतच बघायचा, मुसळधार पावसात, वरच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छत बघायचं, पार्किंगमधलं पाणी कुठं जातंय ते बघायचं, आणि बिल्डरच्या माणसाला न घेता वॉचमनशी आणि दोन-तीन राहणाऱ्यांशी निवांत बोलायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण तेव्हाच सोबत न्या, जिना, लिफ्ट, देऊळ किती लांब, ओळखीचं कोण आहे का, हे त्यांचं बघणं आपल्यापेक्षा बारीक असतं आणि पेठ सोडायची आहे ती मुख्यतः त्यांनाच.