सनरूफची काच आणि पाण्याची वाट

काच फुटल्यावर सनरूफच्या बटणाला हात लावायचा नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो आधीच लागलेला असतो. गाडीवाले साहेब म्हणतात, "बंद होतंय का ते बघितलं फक्त." बंद काही होत नाही. फुटलेले कण रेलमध्ये जातात, काच सरकवणारे प्लॅस्टिकचे गुटके त्यांच्यावर घासतात, केबल अडकते, आणि नुसत्या काचेवर भागलं असतं तिथे अख्खी फ्रेम उतरवायची पाळी येते. फ्रेम उतरवायची म्हणजे छताचं लायनिंग खाली घ्यायचं, आणि लायनिंगच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. बॅटरी काढल्याशिवाय तिथे कोणाला हात घालू देऊ नका. आतला सनशेडही, म्हणजे ऊन अडवणारा सरकता पडदा, जिथे आहे तिथेच राहू द्या. तो बंद असेल तर सगळा चुरा त्याच्यावर साठलेला असतो, आणि मागे सरकवलात की चुऱ्यासकट खाचेत जातो.

मी प्रभादेवीत गाड्यांच्या काचांचं काम करतो. पूर्वी पुढच्या-मागच्या काचाच जास्त असायच्या, आता महागड्या गाड्यांची छतंच काचेची झाल्यापासून लोक वर बोट दाखवत येतात. त्यांना वाटतं काम काचेचं आहे. काच बसवणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम पाण्याचं, आणि ते काय ते पुढे सांगतो.

आधी फोटो काढा. कण साफ करायच्या आधी, चारही बाजूंनी, नंबरप्लेट दिसेल असा एक, आणि ज्याने फुटली ती वस्तू सापडली तर तिचाही. इन्शुरन्सचा सर्व्हेअर हेच मागतो. मग जाड प्लॅस्टिक छतावर ताणून मास्किंग टेपने चिकटवा. खोक्यांना लावतात ती खाकी टेप नको, उन्हात तिचा गोंद रंगावर बसतो आणि मग तो काढायला पॉलिशवाला शोधावा लागतो. प्लॅस्टिक लावून गाडी फ्रीवेवर किंवा सी लिंकवर घालू नका, वाऱ्याने ते उडतं आणि मागच्या गाडीच्या काचेवर जातं. जवळ असेल तर हळूहळू आणा, लांब असेल तर गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा.

"गाडी उभी होती, कोणी दगड मारला नाही, मग फुटली कशी?" हा प्रश्न हमखास येतो. सनरूफची काच बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते, म्हणजे तापवून झपकन थंड केलेली. बाहेरचा थर दाबाखाली, आतला ताणाखाली. मधोमध ठोसा मारला तरी ती सहन करेल, पण कडेला बारीक टवका गेला की कधीतरी तिथूनच सगळी एकदम जाते. काच बनतानाच आत निकेल सल्फाइडचा कण राहिला तर तो हळूहळू फुगतो आणि वर्षांनंतर उभ्या गाडीची काच फोडतो. म्हणून दुपारी तापलेल्या गाडीवर पाणी मारणाऱ्या वॉचमनला लगेच बोल लावू नका. टेम्पर्ड काच तेवढा फरक एरवी सोसते, दुखणं आधीपासून असतं. आणि मुंबईत नारळाची झाडं आहेतच. दादर, माहीम, वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत माडाखाली गाडी लावायची असेल तर आधी मान वर करून बघा.

टेम्पर्ड फुटली की ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्यांचा ढीग होतो. कधी ती फुगून वर कमान धरून राहते, वाटतं अजून शाबूत आहे, पण बोट लागलं की कोसळते. काही गाड्यांत, विशेषतः मोठ्या पॅनोरामिक छतांत, लॅमिनेटेड काच असते. तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात पण ती जागेवर राहते, कारण मधे प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे. कोणी टेम्पर्ड काचेचा तडा "रेझिन भरून देतो" म्हणाला तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. टेम्पर्ड काच दुरुस्त होत नाही, कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. ती बदलायचीच.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेच्या पार्टवर घसारा शून्य धरतात, त्यामुळे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसलं तरी काचेचे पैसे कापले जात नाहीत. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापतात, आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे २००० रुपये तुम्हाला भरावेच लागतात. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढत गेलेला असतो. नुसत्या काचेच्या क्लेमने तो जातो की राहतो हे पॉलिसीवर अवलंबून, ते एजंटकडून लेखी घ्या. बोनसचे पैसे काचेपेक्षा जास्त भरत असतील तर स्वतः खर्च केलेला बरा. हे गणित अगदी कोट्यधीश माणसंही करत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

काच मागवताना मॉडेलचं नाव सांगून चालत नाही. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर द्या. एकाच मॉडेलला एका वर्षी साधं सनरूफ, दुसऱ्या वर्षी पॅनोरामिक, कुठे उष्णता अडवणारं कोटिंग, कुठे वेगळी छटा. चासी नंबरावरून पार्ट नंबर निघतो आणि तोच खरा. जुन्या काचेचा कोपरा सापडला तर त्यावरचा शिक्का बघून ठेवा. काच बनवणाऱ्याचं नाव, वर्तुळातलं ई आणि एक आकडा, किंवा आयएसआयची खूण असते, टेम्पर्ड की लॅमिनेटेड तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. नवीन काचेवर तशीच खूण हवी. शिक्काच नसलेली काच मी बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, कपाडिया नगरच्या बाजूला भंगारातल्या गाड्यांचे पार्ट मिळतात. जुनी मूळ कंपनीची काच स्वस्तात मिळूही शकते. घ्यायची तर कडेवरून बोट फिरवून घ्या, एवढासा टवका लागला तरी ठेवून द्या. कडेचं रबर बऱ्याच काचांना चिकटूनच येतं, ते कडक झालेलं असेल तर स्वस्त काच महागात जाईल.

आता प्रत्यक्ष काम. सरकणारी पुढची काच सहसा बाजूच्या स्टार स्क्रूंवर बसलेली असते. काच टिल्ट करायची, आतून बाजूची पट्टी किंवा रबराचा भाता काढायचा, स्क्रू सोडायचे आणि दोघांनी मिळून व्हॅक्यूम कपने काच सरळ वर उचलायची. फुटलेल्या काचेला उचलायला काही उरलेलं नसतं, तिथे फक्त चौकट काढायची. स्क्रू फार जोराने कसू नका, किती कसायचा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि तो आकडा लहान असतो. मागची न हलणारी काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या गोंदाने, चिकटवलेली असते. तिला तारेने कापून काढतात, जुन्या पीयूचा पातळ थर राहू देतात आणि त्यावर नवा घालतात. रंगावर ओरखडा गेला तर आधी प्रायमर, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. पीयू हवेतल्या दमटपणावर सुकतो, त्यामुळे मुंबईची हवा इथे कामाला येते. पण चिकटवायची जागा कोरडी हवी. भर पावसात शेडशिवाय हे काम करणाऱ्याला गाडी देऊ नका. काच बसल्यावर दाराच्या काचा बोटभर उघड्या ठेवूनच दारं लावा. बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा नव्या पीयूला बाहेर ढकलते. किती तासांनी गाडी हलवायची ते ट्यूबवर छापलेलं असतं, आणि मुदतही तिथेच असते, ती वाचा.

नवीन काच घालायच्या आधी साफसफाई. इथे आमच्याकडे पोरांना घाई करू देत नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला प्लॅस्टिकची बारीक नळी लावून रेल, पुढची वाऱ्याची जाळी, सनशेडची खाच, सीटचे सांधे, एकेक. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कण उडून पाण्याच्या पाइपांत जातात. रेलमधलं जुनं ग्रीस काळं झालेलं असतं आणि त्यात कण रुतलेले, ते कापडाने पुसून काढायचं आणि कंपनी सांगते तेच ग्रीस पातळ लावायचं. रबराला पेट्रोलियम ग्रीस नको, ते फुगतं. सिलिकॉनवालं चालतं.

मग पातळी. पुढची कड छताच्या बरोबरीला किंवा मिलिमीटरभर खाली, मागची कड बरोबरीला किंवा मिलिमीटरभर वर. बहुतेक जर्मन गाड्यांत हिशोब असाच असतो. पुढे वर राहिली तर साठच्या पुढे गाडी शिट्टी मारते. स्क्रू अर्धवट कसून काच बंद करायची, डोळे मिटून बोटाची पेरं छतावरून काचेवर न्यायची, पुन्हा काचेवरून छतावर. डोळ्यांना न दिसणारी पायरी पेरांना कळते. चारही कोपरे जुळले की लॉन्ड्रीच्या पावतीएवढी कागदाची पट्टी रबरात धरून काच बंद करायची आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखीच अडून यायला हवी. एखाद्या कोपऱ्यात सहज सुटली तर तिथे रबर दाबलं जात नाही, त्या कोपऱ्याची पातळी पुन्हा बघायची. हे सगळं झाल्यावरच स्क्रू पक्के.

आता पाण्याचं. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवतं असा समज आहे. ते मुळात तसं बनवलेलंच नाही. थोडं पाणी आत येणार हे धरूनच काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या चार कोपऱ्यांतून चार पाइप निघतात. पुढचे दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबातून खाली उतरून पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकाच्या वर बाहेर पडतात, मागचे दोन मागच्या खांबातून बंपरच्या आसपास. गुलमोहराच्या पाकळ्या, पिंपळाची पानं, मेट्रोच्या कामाची धूळ, आणि काच फुटली असेल तर तिचे कण, सगळं या पाइपांच्या तोंडाशी येऊन बसतं.

हिंदू कॉलनीतल्या एका डॉक्टरबाईंच्या गाडीवर मे महिन्यात नारळ पडला. काच दुसरीकडे बसवून घेतली होती. जूनमध्ये रीडिंग लाइटमधून थेंब पडायला लागले, तर तिथल्या माणसाने काचेभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली. सनरूफ उघडेनासं झालं आणि पाणी येतच राहिलं. आमच्याकडे आली तेव्हा डाव्या पुढच्या पाइपाच्या तोंडाशी काचेच्या कणांचा आणि पानांच्या चिखलाचा बूच निघाला. बाई म्हणाल्या, "म्हणजे ब्लॉकेज होतं! मला आधी सांगितलं असतं तर मीच निदान केलं असतं." गालिच्याखाली तोवर पाणी साठलं होतं. महागड्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मोड्यूल सीटखाली, गालिच्याखाली नाहीतर डिकीच्या तळाशी असतात. म्हणजे पाण्याची धाव थेट खिशाकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी गाड्यांत पाणी खालून शिरलं. सनरूफवाल्या गाडीला तेवढ्या पावसाची गरज नाही, एक बुजलेला पाइप पुरतो.

तपासायचं असं. काच उघडून पन्हळीच्या एका कोपऱ्यात बाटलीने बारीक धारेत पाणी ओता. ते लगेच त्या बाजूला खाली बाहेर पडलं पाहिजे. पन्हळीत तुंबलं तर पाइप बुजलाय. गवत कापायच्या मशीनमध्ये घालतात ती नायलॉनची दोरी, टोक जाळून गोल केलेली, हळूहळू आत सरकवा. तार नको, पाइप फाटतो. जोराची हवाही नको, खांबाच्या आतला जोड निसटतो आणि मग पाणी लायनिंगमागे उतरतं. चारही कोपऱ्यांना वेगवेगळं पाणी ओता. प्रेशर पाइप मारून "बघा, गळत नाही" दाखवणं ही टेस्ट नव्हे.

शेवटी मोटरला काचेची हद्द नव्याने शिकवावी लागते, विशेषतः बॅटरी काढली असेल तर. बऱ्याच गाड्यांत बटण बंद करायच्या दिशेने दाबून धरलं की काच एकदा पूर्ण फिरते आणि थांबते, मधे बटण सोडायचं नाही. काहींना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. नंतर अडथळ्याची चाचणी घ्या. गुंडाळलेला टॉवेल मधे धरा, काच अडून मागे गेली पाहिजे. हात घालून बघू नका, आणि मुलांना बघायलाही बोलावू नका.

गाडी घेताना एकदा सी लिंकवरून न्या, आवाज आला तर पुढची कड पुन्हा खाली घ्यायला सांगा, हे काम दहा मिनिटांचं आहे. बिलावर पार्ट नंबर, पीयू वापरला असेल तर त्याचं नाव आणि चारही पाइप तपासल्याची नोंद लिहून घ्या. दरवर्षी मे संपायच्या आत, मान्सून अंदमानला पोचल्याची बातमी आली की, बाटली घेऊन तेच चार कोपरे पुन्हा बघा.