मागच्या चाकाचं बेअरिंग घरीच बदललं

साठच्या पुढं गाडी गेली की मागनं घूंऽऽ. आधी टायरवर संशय घेतला. जॅक लावून चाक हातानं फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर. बोटांना खरखर लागली. वर-खाली धरून हलवलं तर चाक डुलतंय. बेअरिंगच!

उद्यमनगरातनं बेअरिंगसकट हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि तो आवळायचा नवा नट आणला. खाली स्टँड, पुढच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये. हँडब्रेक मात्र सोडलेला, नाहीतर ब्रेकचा ड्रम निघत नाही. नट काही हलेना. पान्याला चार फुटी पाइप घालून दादा लोंबकळला, तेव्हा कुठं 'कट्'. हा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो, हे नंतर सुचलं.

नवा नट टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळतोय ते कळणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळला. पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो. घूं गेलं, आता डॅशबोर्डची खटखट ऐकू येतीय.