हंगाम सुरू असताना फॅन्टसी बेसबॉलच्या हिटरांचं रँकिंग कसं करावं

फॅन्टसी बेसबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंची टीम बांधतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवतो. लीगच्या साइटवर हिटरांची, म्हणजे बॅटिंग करणाऱ्यांची, यादी उघडली की ती आतापर्यंतच्या कामगिरीनुसार लावलेली दिसते. त्या यादीवरून ट्रेड करू नका. एखाद्याने मारलेले पंधरा होम रन तेव्हा तो ज्याच्या टीममध्ये होता त्याच्या खात्यात जमा झाले. आज तुम्ही त्याला घेतलंत तर उरलेल्या सामन्यांत तो जे करेल तेवढंच तुम्हाला मिळणार. हंगामाच्या मध्यावरच्या रँकिंगला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: आजपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हा हिटर काय देईल?

इथे मी नेहमीचा रोटो फॉरमॅट धरलाय, म्हणजे प्रत्येक रकान्यात टीम कितवी आली त्यावर गुण. बारा टीम, प्रत्येकी चौदा हिटर, आणि रन, होम रन, आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), स्टील (चोरलेले बेस), अ‍ॅव्हरेज (चेंडू मारून बेस गाठण्याचं, म्हणजे हिटचं प्रमाण) हे पाच रकाने. तुमच्या लीगमध्ये अ‍ॅव्हरेजच्या जागी ऑन-बेस पर्सेंटेज (कसंही करून बेस गाठण्याचं प्रमाण) असेल तर तो रकाना बदला, पद्धत तीच.

१. उरलेल्या हंगामाची प्रोजेक्शन्स उतरवून घ्या

फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटवर झिप्स, स्टीमर, द बॅट अशी ‘रेस्ट ऑफ सीझन’ प्रोजेक्शन्स, म्हणजे पुढच्या आकड्यांचे अंदाज, मिळतात. दोन-तीन घ्या, सरासरी काढा, शीटमध्ये टाका.

२. चालू हंगामाला किती किंमत द्यायची ते ठरवा

गाडी अडते ती इथे. माझीही बरीच वर्षं इथेच अडायची, आणि सगळ्यांत वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. ‘हॉट आहे, उचल.’ ‘संपला तो, सोड.’ आयपीएलच्या फॅन्टसीतून आलेली आपली मंडळी तर ‘फॉर्म’ हा शब्द सोबतच घेऊन येतात. दोन महिन्यांच्या स्पर्धेत त्याचा उपयोग होतही असेल. १६२ सामन्यांच्या हंगामात तीन आठवड्यांच्या फॉर्मवर रँकिंग करणं म्हणजे पहिल्या पावसावर वर्षभराच्या पिकाचा हिशेब मांडणं.

एक हिशेब एकदा तरी हाताने करून बघा. समजा हंगामाआधी एका हिटरचं प्रोजेक्शन .२७० होतं. आता १५० अ‍ॅट-बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या) झालेत, त्यात ५१ हिट, म्हणजे .३४०. पुढे त्याच्याकडून किती धरायचे? बॅटिंग अ‍ॅव्हरेज स्थिर व्हायला साधारण ९०० अ‍ॅट-बॅट लागतात, म्हणजे दीड हंगामाहून जास्त. म्हणून मी जुन्या अंदाजाला ९०० अ‍ॅट-बॅटचं वजन देतो. ९०० गुणिले .२७० म्हणजे २४३ हिट. त्यात आताचे ५१ मिळवले की २९४. भागिले १०५०. उत्तर .२८०. दीड महिना .३४० ने खेळलेल्या माणसाच्या भविष्यात फक्त दहा पॉइंटची भर पडली. हे आकडे पहिल्यांदा बघताना पटत नाहीत, पण ते पटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळेच आकडे इतके आळशी नसतात. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्ये, म्हणजे बॅटिंगच्या एकूण पाळ्यांमध्ये, काहीतरी सांगू लागतं, वॉकचं (चार बॉलवर फुकट बेस मिळण्याचं) १२० च्या आसपास, होम रनचं १७० च्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात एखाद्याचं अ‍ॅव्हरेज उडालेलं दिसलं तर आधी त्याचे स्ट्राइकआउट बघा. ते खरंच कमी झाले असतील तर माझे कान टवकारतात. स्ट्राइकआउट तेवढेच आणि बॅबिप, म्हणजे मैदानात पडलेल्या चेंडूंवरचं अ‍ॅव्हरेज, .४०० झालंय, तर मी यादीत त्याला एक घरही वर सरकवत नाही. लीगचं बॅबिप .२९० ते .३०० च्या आसपास असतं. वेगवान धावणाऱ्यांचं त्याहून थोडं जास्त राहू शकतं, पण .४०० कुणाचंही टिकत नाही.

उदाहरणं हवीत? २००६ साली डेट्रॉइट टायगर्सच्या ख्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होम रन ठोकले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १६ होते, आणि मधल्या काळात टीमने त्याला मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, धाडलंही होतं. २०२१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सेडेसने हंगामाची सुरुवात सलग ८ हिटनी केली, आणि जुलैच्या सुरुवातीला तोही मायनर्समध्ये. उलट बाजूने २०२४ चा फ्रान्सिस्को लिंडोर बघा. मेच्या मध्यापर्यंत .२०० च्या खाली रखडलेला, आणि हंगामाअखेर .२७३, ३३ होम रन, २९ स्टील, नॅशनल लीगच्या एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) मतदानात दुसरा. मे महिन्यात ज्यांनी त्याला स्वस्तात दिला त्यांच्यासमोर त्याची आधीची सगळी वर्षं उघडी पडली होती. त्यांनी फक्त सहा आठवडे वाचले.

आता सगळ्यात महत्त्वाची ताकीद. उरलेल्या हंगामाच्या प्रोजेक्शनमध्ये चालू हंगामाचे आकडे आधीच मिसळलेले असतात. वरचा हिशेब त्यांनी तुमच्यासाठी, आणि जास्त नीट, करून ठेवलेला आहे. त्यावर ‘पण हा हॉट आहे’ म्हणून तुम्ही आणखी दहा टक्के चढवलेत तर एकच गोष्ट दोनदा मोजलीत. बेसबॉल सॅव्हंट या साइटवरचं अपेक्षित अ‍ॅव्हरेज बघून उड्या मारणाऱ्यांनाही हेच सांगेन. चेंडू ज्या वेगाने आणि ज्या कोनात गेला त्यावरून काय घडायला हवं होतं, ते तो आकडा सांगतो. पुढे काय घडेल ते सांगणं त्याचं काम नाही.

मग आपण हात कुठे घालायचा? प्रोजेक्शनला जे उशिरा कळतं तिथे. दुखापतीतून परतलेला हिटर रोज खेळतोय का? डावखुऱ्या पिचरसमोर त्याला बसवतात का? आणि सर्वांत मोठी गोष्ट, तो कितव्या क्रमांकावर खेळतो? बॅटिंग ऑर्डरमध्ये एक जागा खाली गेलं की सामन्यागणिक साधारण एकदशांश प्लेट अपिअरन्स कमी होतो. पहिल्या क्रमांकावरचा माणूस सातव्यावर गेला आणि शंभर सामने बाकी असतील तर साठेक प्लेट अपिअरन्स गेले, आणि त्याबरोबर रन, आरबीआय, स्टील सगळंच थोडं थोडं. मी मागच्या दहा दिवसांच्या लाइनअप उघडून प्लेट अपिअरन्सचा रकाना स्वतः दुरुस्त करतो. दरांना, म्हणजे किती प्लेट अपिअरन्समागे किती होम रन वगैरेला, शक्यतो हात लावत नाही. लावलाच तर शेजारच्या रकान्यात कारण लिहितो, आणि ‘चांगला खेळतोय’ हे कारण चालत नाही. भारतात बसून खेळणाऱ्यांना लाइनअप मध्यरात्रीनंतर कळतात. त्यासाठी जागू नका, सकाळी मागच्या आठवड्याच्या एकदम बघितल्या तरी या कामाला पुरतं.

३. पाच रकान्यांची एक किंमत काढा

लीगमध्ये खरोखर कुणाच्या तरी टीमवर असणारे हिटर १६८. प्रत्येक रकान्यात या १६८ जणांची सरासरी वजा करा, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, पाचांची बेरीज करा. सगळ्या ७०० खेळाडूंची सरासरी घेऊ नका, उत्तर बिघडतं.

अ‍ॅव्हरेज मात्र सरळ वजा करायचं नाही, ते हिटमध्ये बदलून घ्यायचं. २०२३ चे दोन हिटर घ्या. फिलीजचा काइल श्वार्बर: ५८५ अ‍ॅट-बॅटमध्ये ११५ हिट, .१९७. मार्लिन्सचा लुइस अराएझ: ५७४ मध्ये २०३, .३५४. लीगची सरासरी .२५५ धरली तर श्वार्बरने टीमचे ३४ हिट खाल्ले आणि अराएझने ५७ जास्तीचे दिले. श्वार्बरचे ४७ होम रन, १०८ रन आणि १०४ आरबीआय होते, अराएझचे होम रन १०. ‘.१९७ वाला कशाला घ्यायचा’ हा प्रश्न असा आकड्यांत मांडला की सुटतो.

स्टीलसाठी जुने तक्ते वापरू नका. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायला केलेल्या फेकींवर) मर्यादा आली आणि लीगमधले एकूण स्टील २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. पंधरा स्टीलची किंमत आता पूर्वीइतकी नाही.

४. कॅचरना वेगळं वागवा

दोन कॅचरची लीग असेल तर चोविसाव्या कॅचरची किंमत काढून ती प्रत्येक कॅचरच्या किमतीतून वजा करा. २०२५ मध्ये मरिनर्सच्या कॅल रॅलीने कॅचर असून ६० होम रन मारले, आणि त्याची खरी किंमत या वजाबाकीनंतरच दिसते. बाकीच्या जागांसाठी ही कसरत हंगामाच्या मध्यावर करण्यात अर्थ नाही.

५. शेवटी आपल्या टीमसाठी दुसरी यादी

स्टीलमध्ये तुम्ही दुसऱ्यापेक्षा तीस पुढे असाल तर आणखी स्टील तुम्हाला शून्य गुण देतात. मूळ यादी तशीच ठेवा, तिची प्रत काढा आणि त्या प्रतीत आपल्या गरजेप्रमाणे रकान्यांची वजनं बदला. ऑगस्टनंतर मी हीच प्रत वापरतो. ट्रेडची ऑफर देताना मात्र मूळ यादी समोर ठेवायची, कारण समोरच्याला तुमच्या गरजेशी देणंघेणं नसतं.

६. किती वेळा करायचं

दोन आठवड्यांतून एकदा, सोमवारी. मध्ये फक्त दुखापत, ट्रेड किंवा बॅटिंग ऑर्डरमधला बदल झाला तरच हात लावा. जुनी यादी पुसू नका. नव्या यादीशेजारी ठेवा, आणि साइटच्या क्रमात जे खूप खाली गेलेत पण तुमच्या दोन्ही यादीत जवळपास तिथेच आहेत अशी नावं वेगळी काढा. ती नावं कुणाकुणाच्या टीममध्ये आहेत आणि त्यांच्या मालकांना कोणता रकाना कमी पडतोय ते बघा. पहिल्या ऑफर त्यांनाच पाठवा.