स्मार्ट मीटर वाचायचा कसा: फिरता पडदा, लुकलुकता दिवा आणि अर्ध्या तासाचा आलेख

स्मार्ट मीटर बसून आठवडा झाला की घरातलं कुणीतरी त्याच्यासमोर जाऊन उभं राहतं. पडद्यावर २३१ दिसतं. चार सेकंदांनी ४३१२. मग १.८, मग ०.९६. ‘बघा, कसा पळतोय!’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. खरं तर मीटर पळत नसतो, पडदा पानं उलटत असतो. व्होल्टेज, युनिट, चालू लोड, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी आली याचं प्रमाण) असं एकामागून एक. जुन्या चकतीच्या मीटरला एकच आकडा सांगता यायचा. हा दहा-पंधरा सांगतो, आणि कुठला कशाचा हे ओळखता आलं नाही तर सगळेच संशयास्पद वाटतात.

आधी व्हिडिओ काढा

कागद-पेन घेऊन उभं राहू नका, आकडा उतरवेपर्यंत पान उलटतं. मोबाइलवर पडद्याच्या एका पूर्ण फेरीचा व्हिडिओ काढा आणि घरात बसून थांबवत थांबवत बघा. मीटरला बटण असेल तर ते दाबून पानं हातानेही उलटता येतात, आणि आपोआप न येणारी काही पानं अशी बटणावरच दिसतात. फेरीत एकदा सगळीकडे ८८८८८८ उमटलं तर दचकू नका. पडद्यावरची प्रत्येक रेघ उमटते आहे ना, याची ती मीटरने स्वतःच घेतलेली चाचणी असते.

आता प्रत्येक आकड्याशेजारचं एकक बघा. एककाशिवाय आकडा लिहून घेतला तर त्याचा काही उपयोग नाही. केडब्ल्यूएच म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजेच आपलं युनिट. केडब्ल्यू म्हणजे या क्षणी चालू असलेला लोड. एका ‘एच’चा फरक, पण सगळा घोटाळा तिथेच होतो. नळाला बादली लावली आहे असं समजा: केडब्ल्यू ही नळाची धार, केडब्ल्यूएच म्हणजे आतापर्यंत बादलीत जमलेलं पाणी. धार कमी-जास्त होते, बंदही होते. बादलीतलं पाणी फक्त वाढतं, आणि मीटरची बादली महिनाअखेरीला कुणी रिकामी करत नाही. त्यामुळे पडद्यावरचा ४३१२ हा या महिन्याचा वापर नव्हे, मीटर बसल्यापासूनचा आहे.

कोपऱ्यातले बारीक कोड

पुष्कळ मीटरांवर आकड्यासोबत १.८.० असा बारीक कोड दिसतो. हे कोड आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत (आयईसी ६२०५६ ही मालिका), त्यामुळे कंपनी बदलली तरी अर्थ बदलत नाही. पाठ करायची गरज नाही, कारण त्यांची घडण सोपी आहे. पहिला १ असेल तर बाहेरून घरात आलेली वीज, २ असेल तर घरातून बाहेर गेलेली. मधला अंक ८ म्हणजे जमलेलं, म्हणजे बादली. मधला ७ म्हणजे आत्ताची धार. मधला ६ म्हणजे या बिलाच्या फेरीतली सर्वात मोठी धार. शेवटचा ० म्हणजे एकूण, आणि १, २, ३ म्हणजे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांचे कप्पे.

एवढ्यावर बहुतेक पानं उलगडतात. १.८.० हे एकूण युनिट. १.८.१, १.८.२ हे वेळेनुसार दर असतील तर त्या त्या वेळेचे युनिट, आणि सगळ्या कप्प्यांची बेरीज १.८.० एवढी यायला हवी. १.७.० हा चालू लोड. २.८.० छतावरच्या सोलरमधून बाहेर दिलेली वीज. ३२.७.० व्होल्टेज, ३१.७.० करंट, १३.७.० पॉवर फॅक्टर. ०.९.१ मीटरची वेळ आणि ०.९.२ तारीख. हे शेवटचे दोन कुणी बघत नाही, पण वेळेनुसार दर असतील तर जरूर बघा. घड्याळच पाऊण तास मागे असेल तर युनिट भलत्या कप्प्यात पडतात.

रीडिंग म्हणजे वजाबाकी

सोमवारी सकाळी ७ वाजता ४३१२.६ होतं, मंगळवारी ७ वाजता ४३२१.४ झालं. वापर ८.८ युनिट. यापलीकडे काही नाही, फक्त दोन्ही रीडिंग एकाच वेळेला घ्या आणि दशांशचिन्ह नीट बघा. अंधूक पडद्यावर ते टिंब सुटलं की ४३१२.६ चे ४३१२६ होतात आणि घरात हलकल्लोळ. फोटो काढलात तर फोटोत वेळही नोंदली जाते.

काही ठिकाणी बिल केडब्ल्यूएचवर नसून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तास, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून केलेली मोजणी) निघतं. तसं असेल तर वजाबाकी त्या आकड्याची करायची (कोड ९.८.०). पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच वाढतात. ०.८ असेल तर ८ केडब्ल्यूएचला १० केव्हीएएच मोजले जातात. बिल कशावर आहे ते बिलावरच लिहिलेलं असतं.

लुकलुकणारा लाल दिवा

मला मीटरवरची सगळ्यात आवडती गोष्ट हीच. लाल दिव्याशेजारी बारीक अक्षरांत ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं छापलेलं असतं (इम्प म्हणजे इम्पल्स, एक लुकलुक). आकडा वेगळाही असेल, १००० किंवा १६००. अर्थ असा, की एक युनिट जळेपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. यावरून कुठलंही यंत्र न लावता घराचा चालू लोड काढता येतो. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा आणि ३६ लाखाला आधी ३२०० ने, मग त्या सेकंदांनी भागा. ३२०० च्या मीटरसाठी हे गणित ‘११२५ भागिले सेकंद’ एवढंच उरतं. १५ सेकंद लागले तर ७५ वॅट, ३ सेकंद लागले तर ३७५. १००० च्या मीटरला ३६०० भागिले सेकंद.

लोड जास्त असताना दिवा इतका भराभर लुकलुकतो की मोजता येत नाही. तेव्हा १.७.० बघा. दिव्याची खरी मजा रात्री, सगळं बंद असताना. एका रात्री निजानीज झाल्यावर मी टॉर्च घेऊन मीटरपाशी गेलो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच चालू-बंद होऊन गणित बिघडवतो, म्हणून त्याचा प्लग दहा मिनिटांसाठी काढून ठेवला होता. तरी दर ६ सेकंदांनी लुकलुक. म्हणजे १८७ वॅट, सगळं ‘बंद’ असताना! मग मुलगी आत एमसीबीच्या (प्रत्येक लाइनच्या आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) बोर्डापाशी, मी बाहेर मीटरपाशी आणि मधे फोन. ती एकेक एमसीबी खाली करायची, मी लुकलुक मोजायचो. पंपाचा एमसीबी पाडला, काही फरक नाही. गीझर, नाही. चौथा पाडला आणि दिवा गपगार झाला. पुढची लुकलुक यायला १४ सेकंद लागले, म्हणजे ८० वॅट.

त्या चौथ्या लाइनवर होता इन्व्हर्टर. बॅटरी म्हातारी झालेली, हाताला कोमट लागत होती. चार्ज धरतच नव्हती आणि चार्जर रात्रंदिवस तिला भरत बसला होता. शंभरेक वॅट म्हणजे दिवसाला अडीच युनिट, महिन्याला पाऊणशे. माझा संशय इतके महिने बिचाऱ्या गीझरवर.

हा प्रयोग करताना हात फक्त घरातल्या एमसीबीला. मीटरचं सील, झाकण किंवा त्याला जोडलेल्या वायरी यांच्या वाटेला जाऊ नका.

आलेख वाचताना होणारी चूक

मीटर दर अर्ध्या तासाचा (कुठे पंधरा मिनिटांचा) वापर आतल्या मेमरीत लिहून ठेवतो आणि तोच ॲपवर काड्यांच्या रूपात दिसतो. यात हमखास होणारी चूक म्हणजे काडीची उंची केडब्ल्यू समजणं. काडी युनिटची असते. अर्ध्या तासात ०.९ युनिट म्हणजे सरासरी लोड १.८ केडब्ल्यू. अर्ध्या तासाच्या काडीला २ ने गुणा, पंधरा मिनिटांच्या काडीला ४ ने.

दुसरी गोष्ट, सहा वाजताची काडी म्हणजे ६ ते ६:३० की ५:३० ते ६? ॲप हे सांगतंच असं नाही. पण ताडून बघणं सोपं आहे. ६:०५ ला किटली किंवा इस्त्री दहा मिनिटं चालवा, घड्याळ बघून, आणि दुसऱ्या दिवशी उंच काडी कुठे उगवली ते बघा.

आता आकार. पहाटे दोन ते चारच्या काड्या हा घराचा तळ. तिथे ०.०४ दिसलं तर ते ८० वॅट, म्हणजे राउटर, सेट-टॉप बॉक्स, चार्जर, झोपलेला टीव्ही यांची मिळून हजेरी. तळ अचानक वर गेला आणि वरच राहिला, तर काहीतरी बंद करायचं राहिलंय किंवा बिघडलंय. गीझर रात्रभर चालू राहिला तर सपाट तळावर काही काही तासांनी एकटा दात दिसतो: कुणी न वापरताच थंड झालेलं पाणी तो पुन्हा गरम करत असतो. एसीचं पठार रुंद असतं. गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनची सुरुवातीची काडी उंच आणि नंतरच्या ठेंगण्या, कारण वीज खातो तो पाणी तापवणारा हीटर, ड्रम फिरवणारी मोटर नव्हे.

उंच काडीला घाबरून तिच्याच मागे लागू नका. २००० वॅटची किटली ३ मिनिटं म्हणजे ०.१ युनिट. ८० वॅटचा तळ २४ तासांत १.९ युनिट खातो.

कमाल मागणी आणि मध्येच जाणारी वीज

एमडी म्हणजे कमाल मागणी, कोड १.६.०. ही क्षणाची उसळी नसते, ठरलेल्या १५ किंवा ३० मिनिटांच्या खिडकीतली सरासरी असते. तीच तीन मिनिटांची किटली ३० मिनिटांच्या सरासरीत फक्त २०० वॅटची भर घालते. गीझर, इस्त्री आणि एसी अर्धा तास एकत्र चालले तर मात्र आकडा चढतो. हा आकडा दर बिलाच्या फेरीला शून्यावर येतो, मागच्या महिन्यांचे वेगळे साठवलेले असतात.

बऱ्याच स्मार्ट मीटरांत वीज तोडणारा स्विच आतच बसवलेला असतो. लोड मर्यादेबाहेर गेला की तो वीज तोडू शकतो. शेजारी वीज आहे, तुमचे एमसीबीही वर आहेत आणि घरात अंधार, तर आधी मीटरचा पडदा बघा. जड उपकरणं बंद करून मीटर सांगेल तसं थांबा किंवा बटण दाबा.

सोलर असेल तर

२.८.० हा सोलरने बनवलेल्या विजेचा आकडा नाही. पॅनेलची जी वीज घरातच वापरली गेली, ती या मीटरपर्यंत पोचतच नाही. दिवसभरात सोलरच्या इन्व्हर्टरने १२ युनिट दाखवले आणि मीटरने ७ बाहेर मोजले, तर ५ घरात वापरले. त्यात बाहेरून आलेले ४ मिळवले की घराचा खरा वापर ९ युनिट.

तरीही शंका असेल तर

ॲप आणि मीटर जुळत नसतील तर मीटर खरा धरा. रेंज गेली तरी मोजणी थांबत नाही, माहिती आत साठते आणि नंतर जाते. ॲपवरची रिकामी जागा दोन दिवसांनी आपसूक भरलेली दिसते ती त्यामुळेच.

मीटरच जास्त मोजतोय असं वाटत असेल तर दोन प्रयोग करा. पहिला: घरातला मेन स्विच पाच-दहा मिनिटं बंद ठेवा. लाल दिवा लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधे कुणाचा तरी लोड जोडलेला आहे, वायरिंगमधून वीज झिरपते आहे किंवा मीटरच सदोष आहे. दुसरा: बाकी सगळं बंद करून फक्त २००० वॅटचा हीटर लावा आणि १.७.० बघा, सोबत व्होल्टेजही. हीटरवरचे वॅट २३० व्होल्टसाठी छापलेले असतील आणि घरात २१० येत असतील तर तो १६७० च्या आसपासच घेणार, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते. छापलेले वॅटही ५-१० टक्के कमीजास्त असू शकतात. मीटरवर ‘क्लास १’ असेल तर नेहमीच्या लोडला त्याची चूक साधारण १ टक्क्याच्या आत असायला हवी. म्हणजे या प्रयोगात १७५० दिसले तर मीटरला दोष देता येत नाही. २५०० दिसले, तर व्होल्टेजचं पान, १.७.० चं पान आणि हीटरवरची पाटी असे तिन्ही फोटो जोडून मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या.