लॅपटॉप बिघडला: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

माझं ऐका, नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला बसण्याआधी जुन्यातला डेटा बाहेर काढा. मशीन चालू होत नसलं तरी डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. ती बाहेर काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क यूएसबीने जोडायच्या डबीत) बसवली की फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची ‘रिकव्हरी की’, म्हणजे कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, हाताशी हवी. (काही पातळ मॉडेल्समध्ये डिस्क मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे मात्र हे जमत नाही.)

मग बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. स्क्रीन काळी, पण पंखा फिरतोय? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर दोष बहुधा स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे, म्हणजे दुरुस्तीला वाव आहे. बॅटरी, कीबोर्ड, चार्जिंगचा जॅक, पंखा, एवढ्यासाठी मी तरी चांगला लॅपटॉप टाकून देणार नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि ती दाबू किंवा टोचू नका.

नुसता मंद झालाय आणि आत जुनी हार्ड डिस्क आहे? तिच्या जागी एसएसडी (बरीच वेगवान डिस्क) टाका.

मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) गेला असेल तर गणित बदलतं. खर्च तशाच नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की मी दुरुस्तीचा नाद सोडते. वयही बघाच: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, जे जुन्या मशीनमध्ये नसू शकतं. लिखाण आणि इंटरनेट एवढंच काम असेल, तर अशा मशीनवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून बघा.